बदललेले अक्षर, रिकामी खुर्ची : सार्वजनिक पदाच्या नैतिकतेची साहित्यरूपे

१

सार्वजनिक पदावरील व्यक्तीच्या नैतिकतेचा विचार मराठीत प्रामुख्याने 'चारित्र्य' या एकाच संकल्पनेच्या आधारे होत आला आहे. अधिकारी सचोटीचा आहे की भ्रष्ट, पुढारी निःस्पृह आहे की स्वार्थी, हे एकदा ठरले की त्याच्या निर्णयांचे मूल्यमापनही आपोआप होते, असे या विचारात गृहीत धरलेले असते. याउलट प्रशासनविषयक लेखनात हाच प्रश्न आचारसंहिता, नियमावली आणि उत्तरदायित्व यांच्या परिभाषेत मांडला जातो. पहिल्या मांडणीत व्यक्ती आहे, पण ती ज्या संस्थेत निर्णय घेते ती संस्था नाही. दुसऱ्या मांडणीत संस्था आहे, पण निर्णयाच्या क्षणी जिला काही गमवावे लागते ती व्यक्ती नाही. नैतिक निर्णय ही या दोहोंच्या संबंधातून घडणारी घटना आहे, ही गोष्ट दोन्हीकडे दुर्लक्षित राहते.

नाटक आणि कादंबरी या साहित्यप्रकारांना मात्र हे दुर्लक्ष परवडत नाही. नाट्य म्हणजेच निर्णयाचा क्षण आणि त्याभोवतीचे ताण. कादंबरीला तर पदावरील माणसाचा कचेरीतला वेळ, त्याचे वरिष्ठ, त्याचे कुटुंब, त्याच्यापुढे येणारा कागद आणि त्या कागदामुळे ज्याचे आयुष्य बदलणार आहे तो माणूस, हे सर्व एका पटावर आणावे लागते. त्यामुळे सार्वजनिक संस्थांतील नैतिक नेतृत्व म्हणजे काय, या प्रश्नाची काही मूलगामी उत्तरे शास्त्रग्रंथांपेक्षा साहित्यकृतींत आढळावीत, यात आश्चर्य नाही. ही उत्तरे कृतींच्या रचनेत असतात. पात्रांच्या तोंडी घातलेल्या उद्गारांत ती असतीलच असे नाही. किंबहुना पुष्कळदा रचना एक सांगते आणि उद्गार दुसरेच सांगतात.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने रामशास्त्री प्रभुणे यांचे मराठी आख्यान, हेन्रिक इब्सेनचे 'लोकशत्रू' हे नाटक व त्याचे सत्यजित राय यांनी केलेले चित्रपटीय रूपांतर, आणि अरुण साधू व विश्वास पाटील यांच्या कादंबऱ्या यांचा विचार केला आहे. या कृतींच्या काळात आणि प्रकृतीत मोठे अंतर आहे. त्यांना जोडणारे सूत्र एवढेच की पदावर असलेल्या माणसाने पदाच्याच सत्तेविरुद्ध जाणारे सत्य ओळखल्यावर काय करावे, हा प्रश्न त्या सर्वांत उभा राहतो.

२

मराठी मनातील नैतिक अधिकाऱ्याची आदिप्रतिमा रामशास्त्र्यांची आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. थकलेल्या पगारासाठी गारद्यांनी केलेला दंगा, असे त्याचे वरवरचे रूप होते. रामशास्त्र्यांनी शोध घेऊन पुरावा जमवला, रघुनाथरावांना दोषी ठरवले, देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाने ही कथा जशी सांगितली, तशीच ती पुढे पाठ्यपुस्तकांतून, नाटकांतून आणि चित्रपटांतून रूढ झाली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' हे नाटक १९०९ सालचे आहे. आदल्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले होते. सत्ताधीशाला तोंडावर दोषी ठरवणारा न्यायाधीश रंगभूमीवर पाहताना तेव्हाच्या प्रेक्षकांना काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. प्रभातने १९४४ मध्ये 'रामशास्त्री' हा चित्रपट काढला तेव्हाही राज्य परकीयांचेच होते. वसाहतकाळात या प्रतिमेला जे तेज चढले, त्यामागे न्यायासनाकडूनच झालेल्या अन्यायाचा अनुभव होता.

या कथेला चिकटलेली दुसरी एक कथा मराठीत तितकीच प्रसिद्ध आहे. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या आज्ञेत नारायणरावांना 'धरावे' असे लिहिले होते. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला आणि 'मारावे' झाले. तिची ऐतिहासिक सत्यता हा येथे विवेचनाचा विषय नाही. लोकमानसाने ती इतक्या आवडीने का जपली, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. एक तर ही कथा पूर्णतः कागदाची कथा आहे. मजकूर ठरवणारा एक, अक्षर बदलणारा दुसरा, हुकूम पोचवणारा तिसरा आणि तलवार चालवणारा सुमेरसिंग गारदी हा चौथा. अपराध असा चौघांत वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला खुनापेक्षा काहीतरी कमी येते. डेनिस टॉम्प्सन या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९८० मध्ये सार्वजनिक अधिकाऱ्यांच्या नैतिक जबाबदारीची चर्चा करताना 'अनेक हातांचा प्रश्न' मांडला: संस्थेच्या निर्णयाला इतके हात लागलेले असतात की त्यातील कोणताच हात पुरेसा मळलेला दिसत नाही. 'ध'चा 'मा' ही या प्रश्नाची मराठी आख्यायिका म्हणता येईल. दुसरे असे की ही आख्यायिका सही करणाऱ्याला सोडवते आणि अपराध अंतःपुरातील स्त्रीच्या कपटाकडे नेऊन ठेवते. पदाधिकारी फसवला गेला; दुष्टावा पदाच्या बाहेरून आला, हा तिचा गर्भित अर्थ आहे. बायकांच्या कारस्थानावर खापर फोडण्याच्या जुन्या सवयीचा तिला मोठाच आधार मिळालेला आहे.

या दोन कथा सहसा स्वतंत्रपणे सांगितल्या जातात. ग्रँट डफच्या कथनात मात्र त्या एकत्र आहेत, आणि त्या एकत्र ठेवून वाचल्या की त्यांचा अर्थच पालटतो. मूळ कागद मिळवून त्यातील अक्षर बदलले असल्याचे ओळखणारे रामशास्त्रीच आहेत. म्हणजे रघुनाथरावांचा बचाव त्यांना ठाऊक आहे. एवढेच नव्हे, तर तो त्यांनी स्वतः तपासलेला आहे. तरीही ते देहांत प्रायश्चित्तच सांगतात. हा निर्णय बचाव नाकारून दिलेला नाही, तो बचाव मान्य करूनही दिलेला आहे. त्यामागचा विचार कथेतील एका तपशिलातून स्पष्ट होतो. मारेकऱ्यांपासून पळणारे नारायणराव चुलत्याकडे धावले आणि त्यांना बिलगले. त्या क्षणी कागदावर 'ध' होता की 'मा', याला काही अर्थ उरला नव्हता. चौघांत वाटली गेलेली जबाबदारी पुन्हा एका माणसाच्या दोन हातांत आली होती, आणि त्या हातांनी ती झटकली. पदाधिकाऱ्याच्या जबाबदारीचे माप त्याने कोणत्या कागदावर सही केली यात नसून थांबवणे शक्य असताना त्याने काय थांबवले यात आहे, असे तत्त्व या निर्णयातून निष्पन्न होते. आधुनिक प्रशासनातील 'माझ्यापुढे आलेल्या टिपणीत तसे नव्हते' या उत्तराला दोन शतकांपूर्वीच दिलेले हे प्रत्युत्तर आहे.

३

रामशास्त्र्यांच्या आख्यानातून लोकस्मृतीने जे उचलले ते मात्र हे तत्त्व नव्हे. उचलले ते पुणे सोडून जाणे. खुर्ची रिकामी करून निघून जाणारा निःस्पृह माणूस ही मराठी सार्वजनिक जीवनातील नैतिकतेची सर्वोच्च प्रतिमा बनली. चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्या घटनेला महाराष्ट्राच्या स्मृतीत जे स्थान मिळाले त्यामागे हीच प्रतिमा उभी आहे. त्याच वर्षी अरियालूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले. हे दोन राजीनामे एकाच जातीचे नाहीत. पहिला निर्णय अमान्य असल्याचे सांगतो, तर दुसरा स्वतः न केलेल्या चुकीची जबाबदारी पदाच्या वतीने स्वीकारतो. त्यागाच्या एकाच गौरवभाषेत हा भेद पुसला जातो आणि पद सोडणे हेच नैतिक ठरते. मग ते कशासाठी सोडले आणि सोडल्यानंतर त्या पदाचे काय झाले, हे प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही.

आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये संस्थांच्या ऱ्हासाला व्यक्ती कोणते प्रतिसाद देतात याचा विचार करताना बाहेर पडणे, आवाज उठवणे आणि निष्ठा असे त्रिविध विश्लेषण केले. बाहेर पडण्याची शक्यता आवाजाला बळ देते, पण ती फार स्वस्त झाली की आवाजच क्षीण होतो, हे त्यातील एक महत्त्वाचे निरीक्षण. रामशास्त्र्यांच्या चरित्रात याचे उत्तम उदाहरण आहे. माधवराव पेशवे जपध्यानात गुंतून कारभाराकडे दुर्लक्ष करू लागले, तेव्हा शास्त्र्यांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. ब्राह्मणाने एक तर स्नानसंध्येचे व्रत पत्करावे किंवा राज्य पत्करले असेल तर प्रजेचे हित हेच व्रत मानावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. माधवरावांनी तो मानला आणि शास्त्री राहिले. येथे जाण्याची तयारी हे राहण्याचे साधन आहे. दुसऱ्या प्रसंगी ते खरोखरच गेले, कारण ज्याच्यापुढे आवाज उठवायचा तोच अपराधी होता आणि न्यायासन त्याच्या नावाने चालणार होते. पण रघुनाथरावांना दूर सारून बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर शास्त्री परत आले, त्याच आसनावर बसले आणि १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यायदानाशी जोडलेले राहिले.

तीन कृती अशा आहेत: जाण्याची तयारी दाखवून राहणे, जाणे आणि परतणे. लोकस्मृतीने त्यांतील मधली तेवढी ठेवली. परतलेल्या रामशास्त्र्यांना नाट्यमूल्य नाही. रोज येणारे वतनाचे तंटे, साक्षी आणि निवाडे यांत कसली टाळी मिळणार? परंतु ज्या संस्थेतून ते बाहेर पडले तिच्यावरचा विश्वास त्यांनी गमावला नव्हता, याचा पुरावा परतण्यातच आहे. त्यांचे जाणे संस्थेविरुद्ध नव्हते; संस्थेला जो पदाधिकारी अपवित्र करीत होता त्याच्याविरुद्ध होते. हा फरक डोळ्यांआड झाला की पद आणि नीती यांत मूलतःच विरोध आहे, अशी धारणा रुजते. मग पदावर राहणारा प्रत्येक जण तडजोडवादी ठरतो, आणि राहून नेटाने काम करणाऱ्या माणसाला सांगण्यासारखी कथाच उरत नाही.

४

पद आणि नीती यांच्या विरोधाची ही धारणा आधुनिक युरोपीय नाटकात कशी घडली आणि नाटककाराने तीत कोणते छिद्र ठेवले, हे पाहण्यासाठी इब्सेनचे १८८२ मधील 'लोकशत्रू' अतिशय उपयुक्त आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील एका गावाने आरोग्यस्नानगृहे बांधली आहेत. गावाची भरभराट त्यांवर अवलंबून आहे. स्नानगृहांचा वैद्यकीय अधिकारी डॉ. थॉमस स्टॉकमन याला पाण्यात जंतू असल्याचा संशय येतो. आदल्या हंगामात पाहुण्यांमध्ये विषमज्वर व पोटाचे विकार आढळलेले असतात. तो नमुने विद्यापीठाकडे पाठवतो आणि कातडी कमावण्याच्या कारखान्यांचे सांडपाणी नळांत झिरपत असल्याचे सिद्ध होते. स्नानगृह समितीचा अध्यक्ष हा गावचा महापौर आणि डॉक्टरचा सख्खा भाऊ पीटर आहे.

या नाटकाचा रूढ अन्वयार्थ सर्वांना परिचित आहे: सत्य सांगणारा एकटा माणूस आणि त्याला लोकशत्रू ठरवणारे बहुमत. नायकाच्या अखेरच्या भाषणातून हाच अर्थ निघतो. नाटकाची रचना मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टर हा संस्थेबाहेरचा सत्यशोधक नाही. स्नानगृहांची मूळ कल्पना त्याची आहे आणि तो त्यांचा पगारी अधिकारी आहे. नळ कोठून टाकावेत याविषयीचा त्याचा सल्ला पूर्वी डावलला गेला आहे. त्यामुळे पाणी दूषित असल्याचे सिद्ध झाल्याचा त्याला जो आनंद होतो, त्यात आरोग्याच्या चिंतेबरोबर आपण बरोबर होतो याचे समाधानही मिसळलेले आहे. अहवाल हाती येताच तो घरच्यांना आणि संपादकाला मोठ्या उत्साहाने सांगतो. गाव आपला सत्कार करील, अशी त्याला अपेक्षा आहे. आपण जे सांगणार आहोत त्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही.

तो प्रश्न येतो पीटरच्या मनात. पीटर हा या नाटकातील सर्वांत काळजीपूर्वक घडवलेला प्रशासक आहे. दुरुस्तीला लागणारी प्रचंड रक्कम, दोन वर्षे स्नानगृहे बंद, तोवर शेजारची गावे पुढे जाणार: त्याचे गणित खोटे नाही. खोटेपणा आहे तो त्या गणितातून त्याने काढलेल्या निष्कर्षात. पाणी दूषित असल्याचे समितीपुढे मांडून खर्चाचा मार्ग शोधण्याऐवजी तो अहवाल अतिशयोक्त असल्याचे जाहीर निवेदन डॉक्टरकडूनच मागतो. तिसऱ्या अंकात वर्तमानपत्राच्या कचेरीत घडणारा प्रसंग या दृष्टीने नाटकाचा मध्यबिंदू मानावा लागेल. संपादक हॉव्स्टाड आणि मुद्रक आस्लाक्सेन तोवर डॉक्टरच्या बाजूचे आहेत. आस्लाक्सेन हा छोट्या घरमालकांचा पुढारी, संयम हे त्याचे ब्रीद. पीटर त्यांच्याशी वाद घालत नाही. खर्च गावाला कर्ज काढून करावा लागेल, एवढीच माहिती तो पुरवतो. करदाता कोण हे लक्षात येताच दोघांचीही भूमिका बदलते. सत्य नाकारले जात नाही. त्याचे देयक पुढे केले जाते. संस्थांमध्ये नैतिक निर्णय बहुधा अशाच रीतीने मरतात, हे इब्सेनने ज्या अचूकपणे टिपले आहे त्याला तोड नाही.

चौथ्या अंकातील सभेत डॉक्टरला पाण्याविषयीचा अहवाल मांडू देऊ नये, असा ठराव येतो. येथे समीक्षेचे लक्ष बहुधा सभेच्या झुंडशाहीकडे जाते आणि डॉक्टर स्वतः काय करतो ते निसटते. पाण्याचा विषय तो स्वतःच बाजूला ठेवतो आणि त्याहून मोठा शोध सांगण्याच्या भरात बहुमताच्या मूर्खपणावर, जातिवंत आणि गावठी कुत्र्यांतील फरकावर, मोजक्या बुद्धिमंतांच्या अधिकारावर बोलू लागतो. ज्या सभेत त्याला नागरिकांना साक्षीदार करता आले असते, त्या सभेला तो अपराधी ठरवतो. सभा त्याला लोकशत्रू ठरवते, हा अन्याय आहेच. पण पाचव्या अंकाच्या शेवटी पडदा पडतो तेव्हा पाणी तसेच दूषित असते आणि येणारे रुग्ण तेच पाणी पिणार असतात. डॉक्टरची नोकरी गेली, मुलीची शिक्षिकेची नोकरी गेली, आश्रय देणाऱ्या कप्तानाची नोकरी गेली. ज्यांच्यासाठी हे सर्व आरंभले ते रुग्ण मात्र नाटकात कोठेच दिसत नाहीत. एकटेपणातील सामर्थ्याच्या घोषणेला नाटककाराने दिलेले हे मूक उत्तर आहे.

माक्स वेबर यांनी १९१९ मध्ये राजकारण या व्यवसायावर दिलेल्या व्याख्यानात निष्ठेची नीती आणि जबाबदारीची नीती असा भेद केला. पहिली कृतीच्या शुद्धतेकडे पाहते, दुसरी तिच्या परिणामांकडे. हा भेद या दोन भावांना सरळ लावण्याचा मोह होतो: थॉमस निष्ठेचा, पीटर जबाबदारीचा. परंतु तो टिकत नाही. पीटर परिणामांची भाषा बोलतो, पण ज्या परिणामाची जबाबदारी पदाने सर्वप्रथम घ्यायला हवी, म्हणजे रुग्णाचा जीव, तोच त्याच्या हिशेबात नाही. त्याची जबाबदारी खुर्चीपुरती आहे. थॉमसची निष्ठाही सभेच्या क्षणी सत्याकडून स्वतःच्या श्रेष्ठत्वाकडे सरकते. वेबर यांनाही या दोन नीती परस्परपूरक असाव्यात असेच अभिप्रेत होते. इब्सेनच्या नाटकात त्या दोन भावांत विभागल्या जाऊन दोन्हीकडे विकृत होतात. नैतिक नेतृत्वाची जागा रंगमंचावर रिकामीच राहते.

सत्यजित राय यांच्या 'गणशत्रू' (१९८९) या चित्रपटात स्नानगृहांच्या जागी मंदिर आणि त्याचे चरणामृत येते. हा बदल केवळ स्थानिक रंगासाठी केलेला नाही. इब्सेनच्या गावात सत्याला देयक दाखवून परतवले जाते. राय यांच्या चंडीपुरात देयक आहेच, पण त्यावर श्रद्धेचे आवरण आहे, आणि सभेत प्रश्न पाण्याचा न राहता डॉक्टरच्या धर्मनिष्ठेचा होतो. प्रयोगशाळेच्या अहवालाला आर्थिक उत्तर देता येते. श्रद्धेच्या दरबारात तो अहवाल दाखलच होत नाही. भारतीय सार्वजनिक जीवनाचे हे निदान मार्मिक आहे. शेवट मात्र राय यांनी बदलला आहे. त्यांच्या डॉक्टरच्या बाजूने तरुण उभे राहतात आणि बाहेर त्याच्या नावाच्या घोषणा ऐकू येतात. या शेवटाला अनेकांनी भाबडा म्हटले, आणि कलादृष्ट्या तो घाईचा आहे हे मान्य करावे लागेल. तथापि त्यामागची जाणीव उपेक्षणीय नाही. एकट्याच्या सत्याला सार्वजनिक व्हायचे असेल तर त्याला सोबती हवेत, ही इब्सेनच्या नायकाने नाकारलेली गोष्ट राय यांच्या नायकाला अखेर कळते.

५

स्वातंत्र्योत्तर मराठी कादंबरीत हा प्रश्न वेगळ्याच वळणाने येतो. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांनी मंत्रालय, पक्ष, कामगार संघटना आणि वर्तमानपत्र यांचे जाळे मराठीत प्रथमच इतक्या सविस्तर उभे केले. त्यात निर्णयांची रेलचेल आहे, पण नैतिक निर्णय जवळजवळ नाही. प्रत्येक कृती ही प्रतिस्पर्ध्याच्या कृतीला दिलेला प्रतिसाद आहे. या जगात नैतिक अस्वस्थता जाणवते ती पत्रकार दिगू टिपणीसला. ज्याच्याजवळ माहिती आहे, पण पद नाही. पद एकीकडे आणि सदसद्विवेक दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. व्यवस्थेचे चित्र म्हणून ती प्रत्ययकारी आहे. परंतु तिची एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. साक्षीदाराला विवेक दिला की पदाधिकाऱ्याला तो देण्याची निकड राहत नाही. रामशास्त्र्यांच्या आख्यानाची लोकप्रिय आवृत्ती आणि ही कादंबरी येथे अनपेक्षितपणे एकत्र येतात: विवेक खुर्चीत राहू शकत नाही, हे दोहोंतही गृहीत आहे.

विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' (१९९१) या कादंबरीचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर जाणवते. धरणासाठी उठवलेल्या गावाची ही कहाणी प्रशासनात प्रत्यक्ष काम केलेल्या लेखकाने लिहिली आहे, ही बाब केवळ चरित्रात्मक नाही. ती कादंबरीच्या दृष्टिकोनात उतरली आहे. येथे अन्यायाला एक चेहरा नाही. भूसंपादनाच्या सूचना, मोजणी, निवाडे, मोबदल्याचे वाटप, लाभक्षेत्रातील जमिनीचा शोध, ती सोडायला तयार नसलेले बागायतदार आणि त्यांचे पुढारी, अशा पायऱ्यापायऱ्यांनी गाव उद्ध्वस्त होत जाते. प्रत्येक पायरीवर कोणाची तरी सही आहे, आणि बहुतेक सह्या आपापल्या जागी नियमानुसार आहेत. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. म्हणजे हक्क कागदावर होता. धरणाचे काम आणि पुनर्वसनाचे काम यांच्या गतीतील अंतरात तो हक्क बुडतो. पाणी चढण्याची तारीख ठरलेली असते, जमीन मिळण्याची तारीख ठरलेली नसते.

हॅना अरेंट यांनी नोकरशाहीचे वर्णन 'कोणाचेच नसलेले राज्य' असे केले होते. जेथे जाब विचारायला कोणीच सापडत नाही, ते राज्य जुलमी राजाच्या राज्यापेक्षा सौम्य असेलच असे नाही, असा त्यांचा आशय होता. 'झाडाझडती' हे त्या राज्याचे मराठी रूप आहे. 'ध'चा 'मा' करायला येथे कोणी आनंदीबाई लागत नाही. 'पुनर्वसन' या शब्दाचे अक्षरही न बदलता त्याचा अर्थ 'विस्थापन' असा होतो. म्हणूनच खैरमोडे गुरुजींसारख्या माणसाची शोकांतिका वाचकाला अस्वस्थ करते. शाळेत शिकवलेल्या मूल्यांवर, अर्जावर, कायद्यावर त्यांचा विश्वास आहे. शासनाने आपला शब्द पाळावा, एवढीच त्यांची मागणी आहे. नैतिक नेतृत्व येथे पदावर नसून पदासमोर हात जोडून उभे आहे.

या कादंबरीच्या वाचनातून रूढ चारित्र्यविचाराची अपुरी बाजू स्पष्ट होते. अशा यंत्रणेत एखादा अधिकारी सचोटीचा असला तरी त्याची सचोटी त्याच्या टेबलापुरतीच पुरते. टेबलांच्या मधल्या रिकाम्या जागेत जे घडते ते कोणाच्याच चारित्र्याच्या कक्षेत येत नाही. त्या रिकाम्या जागेची जबाबदारी जो स्वतःहून पत्करतो तोच नेता. पुढच्या कचेरीत काय झाले हे विचारण्याचा नियम नसतानाही तो ते विचारतो; आपण पाठवलेल्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूस त्याला दिसत असतो. बिलगलेल्या नारायणरावांना ओळखण्याची ही क्षमता आहे. यंत्रणा मोठी होत जाते तसतसे बिलगणारे हात दूर जातात आणि ही क्षमता कल्पनाशक्तीवर अवलंबून राहू लागते. साहित्याचा प्रशासनाशी जर काही खरा संबंध असेल तर तो येथे आहे.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. पदावर राहण्याचे समर्थन हे तडजोडीचे समर्थन नव्हे काय? पीटर स्टॉकमनही पदावर राहतोच, आणि आपण राहिलो नाही तर अधिक वाईट माणूस येईल, हा युक्तिवाद इतिहासातील कितीतरी गैरकृत्यांच्या बचावात ऐकू आला आहे. मायकेल वॉल्झर यांनी १९७३ मध्ये 'मळलेल्या हातां'चा प्रश्न मांडताना पदाधिकाऱ्याला काही वेळा वाईट कृत्य करावे लागते हे मान्य केले, पण ते वाईट होते ही जाणीव त्याने सोडता कामा नये अशी अट घातली. ही अट आवश्यक असली तरी पुरेशी नाही. मनातल्या मनात अपराधी वाटणे हेही पदाधिकाऱ्याचे एक सुखासन होऊ शकते.

चर्चिलेल्या कृतींच्या आधारे राहणे आणि चिकटून राहणे यांतील भेदाच्या काही खुणा सांगता येतात. पहिली म्हणजे पुराव्याशी इमान. रामशास्त्री निर्णयाआधी शोध घेतात आणि आरोपीच्या बाजूचा कागदही तपासतात. पीटर प्रतिकूल अहवाल दडपतो, आणि थॉमस सभेत अनुकूल अहवालच विसरतो. दुसरी, कारणे उघड सांगण्याची तयारी. जी कारणे समितीपुढे बोलता येतात पण करदात्यापुढे वा रुग्णापुढे बोलता येत नाहीत, ती नैतिक निर्णयाची कारणे नव्हेत. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आहे. नैतिक निर्णय पुढच्या निर्णयाची वाट मोकळी ठेवतो. रामशास्त्र्यांच्या निवाड्याने रघुनाथरावांना शिक्षा झाली नाही. त्या अर्थाने तो अयशस्वी ठरला. पण खुनाला खून आणि अपराध्याला अपराधी म्हणणारा एक निवाडा न्यायासनावरून दिला गेला होता, आणि बारभाईंच्या कारभाराला त्या निवाड्याचे नैतिक पाठबळ घेता आले. डॉ. स्टॉकमनच्या भाषणानंतर मात्र त्या गावात पाण्याविषयी बोलणे दुसऱ्या कोणालाही अधिकच कठीण झाले.

मराठी समीक्षेने रामशास्त्र्यांच्या आख्यानाकडे निःस्पृहतेची गौरवगाथा म्हणून पाहिले आहे. ते संस्थेची गाथा म्हणूनही वाचता येते, आणि तसे वाचले तर त्याच्या केंद्रस्थानी पुण्याच्या वेशीबाहेर पडणारी पावले राहत नाहीत. एका बाजूला बदललेल्या अक्षराचा कागद आणि दुसऱ्या बाजूला परत येऊन त्याच आसनावर बसलेला न्यायाधीश, यांच्यामध्ये ते आख्यान पसरलेले दिसते. 'झाडाझडती'तील विस्थापित ज्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात त्या कचेऱ्यांना सोडून गेलेल्या रामशास्त्र्यांचा उपयोग नाही. त्यांना हवा आहे तो परतलेला रामशास्त्री, आणि त्याचे नाटक मराठीत अजून लिहिले जायचे आहे.